जात : बिनजकाती माल

फोटो तुम्ही पाहिला असेल. 24 जुलै 2025, इंग्लंड. दोन पंतप्रधान मागे उभे राहून हसतायत, पुढे टेबलाशी बसून दोन व्यापारमंत्री सह्या करतायत. भारत-ब्रिटन मुक्त व्यापार करार. साडेतीन वर्षं घासाघीस चालली होती. दुसऱ्या दिवशी पेपरांत तोच फोटो, तोच सूर : देशाला फायदा, देशाला फायदा.

मी तो पेपर धारावीत एका पोटमाळ्यावर बसून वाचला. तिथे आमच्या ओळखीचे एक मामा चपला-सँडल बनवतात. मामा जातीने चांभार, मूळचे सातारकडचे. आम्ही बौद्ध. रक्ताचं नातं नाही, पण आईच्या माहेरच्या बाजूचे म्हणून मामा. माळ्यावर उभं राहिलं की डोकं पत्र्याला लागतं. सोल्युशनचा वास इतका की नवा माणूस दहा मिनिटांत गरगरतो. मामा रापीने पट्ट्याची कड पातळ करत होते. मी मोठ्याने वाचलं, "चामड्याच्या मालावर आणि पादत्राणांवर ब्रिटनमध्ये 16 टक्क्यांपर्यंत लागणारी जकात आता शून्य होणार."

मामांनी मान वर केली नाही. म्हणाले, "मग जोडामागचा रेट वाढंल का?"

मी गप्प. अर्थशास्त्र घेऊन बी. ए. झालेला माणूस मी. आयात, निर्यात, व्यापारशेष, तुलनात्मक लाभ, सगळं पाठ करून पास झालेला. आणि या एका ओळीच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुस्तकात तो प्रश्नच नव्हता. दोन देशांमधल्या व्यापाराबद्दल जेवढं म्हणून छापून येतं त्यात तो नसतो.

करारात आहे काय ते आधी थोडक्यात सांगतो. आपल्याकडून ब्रिटनला जाणाऱ्या मालाच्या 99 टक्के प्रकारांवर जकात शून्य. चामडं-चपला 16 पर्यंत होती ती शून्य. कापड-कपडे 12 पर्यंत होती ती शून्य. उलट बाजूने, तिकडून येणाऱ्या स्कॉचवर 150 टक्के होती ती आधी 75, मग दहाव्या वर्षी 40. मोटारींवर शंभराच्या वर होती ती ठरलेल्या कोट्यापुरती उतरत उतरत 10. शिवाय सेवा. माल बोटीत बसतो. सेवा विमानात बसते, नाहीतर तारेतून जाते. कॉम्प्युटरवाले, हिशेबनीस, वकील, आचारी, बँका, विमा, हे सगळं सेवेत. माल आणि सेवा मिळून 2024 साली दोन देशांतला व्यापार सुमारे 43 अब्ज पौंडांचा होता. 2030 पर्यंत तो दुप्पट करायचा असा दोन्ही सरकारांचा बेत आहे.

व्हिस्की स्वस्त होणार म्हणून काही संपादकांना झालेला आनंद मथळ्यातून लपत नव्हता. असो. आमच्या वस्तीत स्कॉच रिकाम्या बाटलीच्या रूपानेच येते, भंगारात.

आता 'देशाला फायदा' या शब्दांकडे वळू. व्यापारात 'देश' हा शब्द फार सोयीचा असतो. देश विकतो, देश विकत घेतो, देशाला तूट येते, देशाला नफा होतो. जणू सगळ्या देशाचा सदरा एक आणि त्या सदऱ्याला खिसा एक. या देशाला खिसे किती आणि कुणाचे, हे गावकुसाबाहेर जन्मलेल्या माणसाला शिकवायला नको.

आणि हे आम्ही आज नव्याने बोलत नाही. हे बाबासाहेबांनी लंडनमध्ये बसून, लंडनच्याच विद्यापीठाला, शंभर वर्षांपूर्वी लिहून दिलंय. त्यांचा रुपयावरचा प्रबंध 1923 साली पुस्तक म्हणून निघाला. आमच्यातले किती जण तो वाचतात? जयंतीच्या मिरवणुकीत त्या पुस्तकाचं चित्र असतं, आत काय आहे ते आम्ही पाहत नाही. आत आहे ते हेच : हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्या व्यापारात कुणाचा खिसा भरला. 1873 नंतर चांदी घसरली, तिच्यासोबत रुपया घसरला. रुपया स्वस्त झाला की इथला माल तिकडे स्वस्त पडतो, निर्यात वाढते. सगळे म्हणत होते, बघा, हिंदुस्थानचा फायदा. बाबासाहेबांनी विचारलं, हा फायदा आला कुठून? विलायतेच्या गिऱ्हाईकाच्या खिशातून आला असेल तर ठीक. पण तसं नव्हतं. रुपया घसरला की इथे महागाई वाढते, आणि मजुरी महागाईच्या मागून लंगडत येते. निर्यातवाल्याला जे जास्त मिळालं ते इथल्याच मजुराच्या ताटातून निघालेलं होतं. देशाने परक्याकडून कमावलं नव्हतं. देशातल्या एका वर्गाने दुसऱ्या वर्गाकडून उकळलं होतं. 1925 साली रॉयल कमिशनपुढे साक्ष द्यायला गेले तेव्हाही त्यांनी हाच मुद्दा धरून ठेवला. त्या वेळी इथले गिरणीवाले रुपयाचा भाव सोळा पेन्स करा म्हणून ओरडत होते आणि त्यालाच राष्ट्रकार्य म्हणत होते. भाव खाली म्हणजे निर्यात जास्त. मजुराचं काय, हे विचारणारा माणूस त्या गर्दीत एकटा होता.

मामांचा प्रश्न तोच आहे. जोडामागचा रेट वाढंल का?

यावर कुणी म्हणेल, मग तुम्ही स्वदेशीवाले का? नाही बाबा. त्या दुकानातही आम्ही एकदा जाऊन आलोय.

इंग्रजांनी लँकेशायरच्या गिरण्यांसाठी इथल्या गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसवला होता. 1896 सालची गोष्ट. उघड उघड लुटारूपणा. त्याच्याविरुद्ध तीस वर्षं सगळे राष्ट्रीय पुढारी भांडले, आणि 1925-26 मध्ये तो गेला. गिरण्या आपल्या, कापड आपलं, स्वदेशीचा जयजयकार. आणि त्याच वेळी परळ-लालबागच्या त्या 'आपल्या' गिरण्यांत आमच्या माणसाला विणाईखात्यात पाय ठेवता येत नव्हता. का? तर धोट्यातला दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा, आणि महाराच्या थुंकीने दोरा बाटेल. विणाईखात्यात पगार चांगला. आमच्या वाट्याला रिंगखातं, कमी पगाराचं. 1928 च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला तर लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना तो अडचणीचा वाटला. म्हणजे लँकेशायरविरुद्ध जकातीची भिंत उभी करा म्हणणारे आतमध्ये एक दुसरी भिंत सांभाळून होते. पहिली भिंत सरकारने बांधली नि सरकारने पाडली. दुसरीला कधी सरकारी हुकूम लागलाच नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर 50 टक्के जकात लावली तेव्हा पुन्हा स्वदेशीचे ढोल वाजले. मामांच्या माळ्याखालच्या गाळ्यात बॅगा शिवणारी चार पोरं होती. ऑर्डर थांबली, दोघं गावाला गेली. त्यांना कुणी स्वदेशी म्हणून पगार दिला नाही. जकात चढली की ती कारागिराच्या पोटावर बसते, उतरली की शेठच्या खिशात जाते. दोन्ही वेळेला ओरडतो मात्र 'देश'.

जकातीचं पुस्तक कसं असतं ते पाहिलंय का कुणी? मी पाहिलं. जगातल्या प्रत्येक वस्तूला त्यात नंबर आहे. प्रकरण 41 : कातडी आणि कमावलेलं चामडं. प्रकरण 42 : चामड्याच्या वस्तू, बॅगा, पाकिटं, घोड्याचं जीन. प्रकरण 64 : पादत्राणे. गायीचं कातडं वेगळं, शेळीचं वेगळं, केसांसकट वेगळं, केस काढून वेगळं. सँडलचा तळ रबराचा की चामड्याचा, यावर आकडा बदलतो. एवढं बारीक पाहणारं हे पुस्तक, पण मेलेलं जनावर ओढणाऱ्या माणसाचं प्रकरण त्यात नाही.

आपल्या गावात त्याचं प्रकरण होतं. महाराने ढोर ओढायचं, ढोराने कातडं कमवायचं, चांभाराने शिवायचं. आज मॅनेजमेंटवाले याला पुरवठ्याची साखळी म्हणतात. आमच्याकडे तिला बलुतेदारी म्हणायचे, आणि तिच्या प्रत्येक कडीने खालच्या कडीचा विटाळ मानायचा. मामांच्या आजोबांनी आमच्या आजोबांच्या हातचं पाणी प्यायलं नसतं. हेही लिहून ठेवतो, नाहीतर लोकांना वाटेल आम्ही फक्त बामणांचंच उणं काढतो.

बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढणं सोडायला सांगितलं. त्यावर टीका झाली ती धर्माच्या नावाने झाली नाही, व्यापाराच्या नावाने झाली. शिंगं, खुरं, कातडं, मांस यांतून महारांना इतके इतके रुपये मिळतात, ते बुडतील, असा हिशेबच छापून आला. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, 15 ऑक्टोबर 1956 ला, नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी ही गोष्ट सांगितली. त्यांचं उत्तर साधं होतं : एवढा फायदा असेल तर तुम्ही ओढा, नफा तुमचा, वर माझ्याकडून बक्षीस घ्या. कुणी पुढे आलं नाही.

तो सवाल आज व्यापार मंत्रालयालाही लागू पडतो. देशात चामड्याच्या धंद्यावर 44 लाख माणसं जगतात असं सरकारच सांगतं. निर्यात वाढवा, जकात शून्य करून घ्या, छान. पण 11 जुलै 2016 ला गुजरातेत उनाला काय झालं? मेलेल्या गायीचं कातडं काढणाऱ्या दलित पोरांना गाडीला बांधून भर रस्त्यात लोखंडी पाइपांनी फोडलं, नि व्हिडिओ काढून जगाला दाखवला. त्यानंतर तिथल्या आपल्या माणसांनी मेलेली जनावरं सुरेंद्रनगरच्या कलेक्टर कचेरीपुढे नेऊन टाकली : घ्या, तुमची आई, तुम्ही उचला. महाराष्ट्रातही 2015 पासून बैल-वळूच्या कत्तलीवर बंदी आहे. म्हणजे चामडं लंडनला बिनजकात जावं, पण ते जनावराच्या अंगावरून काढणाऱ्याने आपली जकात पाठीवर मोजावी. प्रकरण 41 मध्ये याचा कॉलम दाखवा मला.

नावाचीही एक गंमत बघा. स्कॉच हे नाव स्कॉटलंडबाहेर कुणाला लावता येत नाही. भारतातही ते कायद्याने नोंदलेलं आहे. कोल्हापुरी चपलेचं नाव 2019 साली इथे तसंच नोंदलं गेलं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांसाठी. तरीही जून 2025 मध्ये इटलीत मिलानच्या एका बड्या फॅशन कंपनीच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखीच चप्पल चालत गेली, कोल्हापूरचं नावही न घेता. बोंब झाल्यावर कंपनीने कबूल केलं की मूळ हिंदुस्थानी आहे. बाटलीच्या नावाचा पहारा जगभर आणि चपलेचं नाव ओरडल्यावर! साहेबाच्या दारूला आहे तेवढी अब्रू आमच्या हातच्या कामाला मिळायला किती करार लागतील?

आता सेवा. इथे खरी मजा आहे.

करारात ब्रिटनने वर्षाला 1,800 पर्यंत माणसांना कंत्राटावर येऊन काम करायची वाट ठेवलीय : आचारी, योगशिक्षक आणि शास्त्रीय संगीतवाले. शब्द नीट वाचा. शास्त्रीय. हलगीवाला यात बसतो का? डफावर शाहिरी करणारा? संबळ, ढोलकी, तमाशाचा फड? व्हिसा देणारा गोरा साहेब ते ठरवणार नाही, त्याला काय माहीत. त्याला जे इथून शिकवलं गेलं तेच तो लिहून घेतो. शास्त्र म्हणजे काय आणि तमाशा म्हणजे काय, हे इथल्या वर्णव्यवस्थेने ठरवलं आणि दोन देशांच्या सहीशिक्क्याने ते पक्कं झालं. आचाऱ्याचं तरी कोण विचारतो? ज्याच्या हातचं इथे शाळेतल्या पोरांना चालत नाही म्हणून खिचडी शिजवणाऱ्या बाईला काढतात, तिची भावकी लंडनच्या हॉटेलात आचारी म्हणून जाणार आहे का?

सोबत आणखी एक सोय आहे. इथल्या कंपनीने काही काळासाठी तिकडे धाडलेल्या नोकरदाराला तिथला सामाजिक विम्याचा हप्ता माफ. फायदा कंपनीचा आणि वरच्या पगाराच्या इंजिनिअरचा. आपलीही पोरं आता त्यात आहेत, राखीव जागांवर इंजिनिअर होऊन गेलेली. त्यांचा आम्हाला अभिमान आहे. पण त्यातल्या किती जणांना तिथल्या ऑफिसात 'आडनाव काय तुझं? गाव कुठलं?' हे विचारलं जातं, ते त्यांना एकदा विचारून पाहा.

कारण जात तिकडे कधीच पोचलीय. तिला व्हिसा लागला नाही, जकात लागली नाही. ब्रिटनमध्ये 2010 साली समानतेचा कायदा झाला. त्याच वर्षी सरकारनेच करवून घेतलेल्या पाहणीत नोकरीत, शाळेत जातिभेद होत असल्याचे पुरावे सापडले. 2013 मध्ये संसदेने सरकारला बांधून घातलं की जातीला वंशभेदाच्या कलमात घाला. लगेच तिथल्या हिंदू संघटना उठल्या : जात बीत इथे काही नाही, आमच्या धर्माची बदनामी होतेय. पाच वर्षं चालढकल झाली. जुलै 2018 मध्ये सरकारने सांगून टाकलं, हे कलम आम्ही लागू करणार नाही, काढून टाकू. कोर्टाच्या निकालांवर भागेल.

कोर्टात काय आलं होतं? इथून घरकामाला नेलेली एक आदिवासी बाई. आठवड्याचे सातही दिवस राबायची, दिवसाचे अठरा तास. झोपायला जमिनीवर फोमची गादी. तासाची मजुरी काढली तर कधी कधी 11 पेन्स. मालक मूळचे आपल्याच देशातले. 2015 साली तिथल्या न्यायाधिकरणाने तिला किमान वेतनाचे थकलेले 1 लाख 83 हजार पौंडांहून जास्त देववले. ही पण सेवाच ना? व्यापाराच्या कुठल्या तक्त्यात ती सेवा मांडली होती?

ज्या ब्रिटनमध्ये हे झालं त्याच ब्रिटनमध्ये, लंडनच्या 10, किंग हेन्रीज रोडवर 1921-22 साली बाबासाहेब राहिले होते. ते घर महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये विकत घेतलं, त्याच नोव्हेंबरात पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. चांगलं झालं. पण घर पौंड मोजून घेता येतं. त्या घरापासून चार रस्त्यांवर एखाद्या पोराला जातीवरून कामावरून काढलं तर कायद्यात त्याचं नाव नको, यावर मात्र कुणाची हरकत नाही!

आपल्यातले काही दोस्त म्हणतात, हे करारबिरार आपला विषय नाही. आपला विषय अॅट्रॉसिटी, राखीव जागा, वस्तीतलं पाणी. मला हे पटत नाही. व्यापार हा आपला विषय नाही असं म्हणणं म्हणजे पैशाचा विषय वाण्या-बामणाला सोडून देणं. बाबासाहेबांनी सोडला नव्हता. दुसरं, चामड्याचं काम आम्ही बौद्धांनी सोडलं, बरं केलं. पण ते सोडताना ते काम करणाऱ्यांनाही सोडलं. धारावीच्या माळ्यांवर आपल्या चळवळीचं पत्रक मी कधी पाहिलं नाही. तिथे संत रोहिदासांचा फोटो आहे, बाबासाहेबांचा आहे, शेठने दिलेलं कॅलेंडर आहे. आपण नाही.

आणि हातात हत्यार काहीच नाही असंही नाही. या करारात कामगारांसाठी वेगळं प्रकरण आहे, स्त्री-पुरुष समतेसाठी वेगळं आहे. नोकरी-धंद्यातल्या भेदभावाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 111 नंबरचा ठराव भारताने 1960 सालीच मान्य केलाय, ब्रिटननेही केलाय. त्या संघटनेच्या तज्ज्ञांनी त्याखाली भारताला जातीबद्दल पुन्हा पुन्हा विचारलंय. ब्रिटनचा 2015 चा एक कायदा आहे : वर्षाला 3 कोटी 60 लाख पौंडांच्या वर उलाढाल असलेल्या कंपनीने आपल्या मालामागे वेठबिगारी नसावी म्हणून काय केलं याचं निवेदन दर वर्षी काढायचं. म्हणजे लंडनच्या बड्या दुकानाला आपल्या चपलेबद्दल काहीतरी लिहावंच लागतं. आजवर ते जे लिहितात ते शेठने सांगितलेलं. मामांना कुणी विचारलेलं नाही. आपली मागणी ही असली पाहिजे : चामडं कुणी सोललं, कुणी कमावलं, कुणी शिवलं, कुठल्या वस्तीत, किती रेटने, हे त्या निवेदनात आलं पाहिजे. मालाला नंबर आहे, तर माणसाच्या मजुरीचाही आकडा लिहा.

मामांचा प्रश्न घेऊन मी त्यांच्यासोबत शेठकडे गेलो होतो. नाव लिहीत नाही. माणूस वाईट नाही, दिवाळीला मिठाई देतो. मी करार दाखवला. तो हसला. म्हणाला, "अरे, मला शिकवतो काय? मी पहिल्या दिवशी वाचला. पण रेट वाढवला तर गिऱ्हाईक बांगलादेशला जाईल. त्यांना तिथे कधीपासून जकात नाही."

मी निरुत्तर व्हायच्या बेतात होतो. मामा बोलले. "शेठ, त्यांना नव्हती नि आपल्याला होती, तरी तुमचा धंदा चाललाच की इतकी वर्षं. मग त्या जकातीची तूट सोसली कुणी?"

विचार करा दोस्तांनो. चामड्याचा भाव शेठच्या हातात नाही. विजेचं बिल नाही, बोटीचं भाडं नाही, पौंडाचा भाव नाही. परक्या सरकारची जकात भरून निघावी म्हणून त्याला कमी करता येण्यासारखी एकच गोष्ट होती, जोडामागचा रेट. ब्रिटनच्या तिजोरीत गेलेल्या जकातीतला एक हिस्सा या पोटमाळ्यावरून गेलाय. मामांच्या हातात एका जोडामागे जे पडतं त्यात लंडनच्या बसचं तिकीट येत नाही. ते 2025 मध्ये पावणेदोन पौंड होतं. जकात माफ झाली, तर आधी ज्याच्याकडून वसूल केली त्याला परत करा. ही भीक नाही, थकबाकी आहे.

शेठ म्हणाला, "बघू."

'बघू' किती वर्षं चालतं ते आपल्याला माहीत आहे. म्हणून येत्या रविवारपासून आम्ही पाच-सहा जण धारावीतल्या गाळ्यांतून फिरणार आहोत. प्रत्येक माळ्यावरचा रेट लिहून घ्यायचा : आज काय, गेल्या वर्षी काय, अमेरिकेची ऑर्डर थांबली तेव्हा काय, माल कुणासाठी जातो. मामा दोन गल्ल्या दाखवायला तयार आहेत. बॅगावाले, पट्टेवाले, चपलावाले, सगळे. ढोर, चांभार, मुसलमान, बिहारहून आलेली पोरं, सगळ्यांचं लिहायचं. ज्यांचं अक्षर चांगलं आहे आणि ज्यांना सोल्युशनचा वास सोसतो त्यांनी सकाळी नऊला यावं. एक वही, दोन पेनं आणा. भाषण करायला कुणी येऊ नये, माळ्यावर उभं राहायला जागा नाही.